चव्वेचाळीस म्हणतात, पण

डेल्फीन अल्देकोआ दुकानात आली ती
नवऱ्याचं रिव्हॉल्वर जुन्या टॉवेलात गुंडाळून.
सॅमन गावाच्या वर, जिथं रस्ता नदीला सोडत नाही,
तिथून सकाळीच निघालेली. बुटांना कुरणातला चिखल.
"हे ठेव, लोमॅन, आणि तीनशे सत्तावन्न दे.
मार्चमध्ये घोडीवरून पडले, तेव्हापासून
मनगट माझं ऐकत नाही."

एकतीस वर्षं मी या काचेच्या काउंटरमागं उभा आहे.
लोक आकडे मागतात, बुटाचा नंबर मागावा तसे.
सगळ्यांना सांगत बसत नाही की
इथले आकडे थोडं थोडं खोटं बोलतात.
अडतीस म्हणवते ती अडतीस नाही,
तीनशे सत्तावन्नचीच सख्खी बहीण, आवाज तेवढा हळू.
आणि चव्वेचाळीस? कॅलिपर लावून बघा,
त्रेचाळीसही पुरते भरत नाहीत.
डेल्फीनला मात्र सांगितलं.
तिनं सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली,
खोटं तिला आरशात मागच्या बाकावरूनही दिसतं.

दुकानामागं मातीचा बांध आहे. पंचवीस पावलांवर
कागदी ताटली टाचली, मधोमध पेन्सिलीचा ठिपका.
आधी बावीस दिलं, हात जागा व्हावा म्हणून.
ते झाडणं म्हणजे सुतारानं बारीक खिळा ठोकणं. हसली.
"यावर नात शिकेल. हरणाला ही नुसती शिवी."
मग तीनशे सत्तावन्न. मग त्यातच अडतीसच्या गोळ्या:
ताटलीला पाच भोकं, कपाखाली झाकतील एवढी.
मला वाटलं, झालं. जुन्याच्या किमतीची चिठ्ठीसुद्धा लिहिली,
दोरा ओवून.

कानांवरचे मफ तिनं काढलेले नव्हते,
त्यामुळे बोलली ती जरा मोठ्यानंच:
"बेन्यातनं एकदा तीनशे सत्तावन्ननंच मारलं होतं.
साठ पावलं. हरीण तिरकं उभं.
पडलं नाही. विलोच्या झुडपात शिरलं.
रात्रभर आम्ही बॅटरी घेऊन रक्ताच्या मागं,
पानावर एक थेंब, मग वीस पावलं काहीच नाही.
सकाळी सापडलं.
जिवंत होतं.
पुढच्याच आठवड्यात त्यानं हे आणलं."

दोष गोळीचा नव्हता, मला म्हणायचं होतं.
साठ पावलांचा होता, तिरकेपणाचा,
उजेड संपत आल्याच्या घाईचा.
म्हटलं नाही. गेलेल्या माणसाचा नेम
त्याच्या बायकोसमोर दुरुस्त करू नये.

मागच्या फळीवरून एक धुळकट डबी काढली.
चव्वेचाळीसच, पण स्पेशल: आखूड, जुन्या चालीची.
त्याच घरात राहते, दार आपटत नाही.
"यात चालते?"
"यातच. मोठ्या घरात राहणाऱ्यानं
मोठ्यानंच बोलावं असं कुठं आहे?"

टॉवेल उलगडला. लाकडी मुठीवर झीज आहे,
बेन्यातच्या अंगठ्याची.
तिचा अंगठा त्यात जरा सैल बसला.
बार झाला, आणि पाणी पिताना घोडी मान वर करते
तसं रिव्हॉल्वर उठलं,
आणि आपलं आपण खाली आलं.
सहातल्या चार ताटलीत. दोन कुठं गेल्या ते मातीला ठाऊक.

"आणि हरीण?"
"तीस पावलांच्या आत, आडवं उभं,
आणि तुझा श्वास ठिकाणावर असेल तर."
"नसेल तर?"
"तर बघायचं. आणि घरी यायचं."

डबीचे पैसे तिनं सुट्ट्या नाण्यांसकट मोजून दिले.
टॉवेलाची घडी घातली, रिव्हॉल्वर त्यात, टॉवेल काखेत.
दारात थांबली.
"त्रेचाळीसही पुरते नाहीत म्हणालास?"
"नाहीत."
"त्याला सांगायला हवं होतंस. फार मिरवायचा."

चिठ्ठी अजून गल्ल्यात आहे.
दोऱ्यासकट.