चिव्याच्या कांबी

एरवी मी त्या बांधण्याशी कात्रीनेच बोलायचे.
टेबलावर पाय आला की आधी सुंभ कापायचं,
मग चिव्याच्या कांबी, मग हाडसांधीचा सुकलेला लेप,
अंड्याचा वास मारणारा,
आणि मग नातेवाइकांवर ओरडायचं:
कुठून करून आणता ही असली कामं?
ते खाली बघायचे. नाव सांगायचे नाहीत.
नाव मला ठाऊक होतं. तातू घाडी, मोंडच्या खाडीपलीकडे.

त्या वर्षी मे महिन्यात
ऑपरेशन थिएटरात ऑक्सिजनच्या अकरा खाटा लागल्या.
माझं ड्रिल, प्लेटा, स्क्रू
एक्स-रे खोलीमागे, फिनेलच्या कॅनशेजारी, चादरीत गुंडाळून.
भूल देणारे डॉक्टर स्वतःच सहा नंबरवर.
पण हाडांना कुणी कळवलं नव्हतं.
हापूस पिकायचा थांबला नव्हता,
आणि पिकला की घळ घेऊन कुणीतरी फांदीवर चढणारच.

टेक बहादूर बागेत अडकलेला.
नेपाळची वाट बंद, मालक मुंबईत बंद.
पडला तेव्हा दुपार होती.
रिक्षावाल्यांना चार फोन. चौघांचा एकच प्रश्न,
ताप आहे का?
होता.

तिसऱ्या दिवशी आला, आंब्याच्या टेम्पोतून,
रिकाम्या पेट्यांवर आडवा,
नडगीला सहा कांबी, गाठी सगळ्या बाहेरच्या अंगाला,
टाचेखाली जुन्या लुंगीची घडी.
मी कात्री उचलली.
गॉगलच्या आत घामाचं तळं झालं होतं.
शुभदा सिस्टर म्हणाली, आधी फोटो तर काढू.

फोटोत हाड सरळ होतं.
म्हणजे, मी बसवलं असतं तर
विद्यार्थ्यांना बोलावून दाखवलं असतं, इतकं सरळ.
बोटं गरम. नख दाबून सोडलं की गुलाबी परत येत होतं.
कात्री ट्रेमध्ये ठेवली, तिचा नको तेवढा आवाज झाला.
केसपेपरवर लिहिलं, ‘बाहेरील बांध तसाच ठेवला’.
खाली सही. एवढी बारीक सही मी कधी केली नव्हती.

तातूला निरोप धाडायचा राहिला.
तर बंद होती, त्याच्याकडे फोन नव्हता,
आणि खरं सांगायचं तर शब्द सुचेनात.

नऊ दिवसांनी तो स्वतःच आला.
दोन पोरांनी होडीतून आणलेला,
बोटावरच्या यंत्रात आकडा अठ्ठ्याहत्तर.
तापलेल्या माणसाचा पाय मांडीवर घेऊन बसणारा
दुसरा कोण होता त्या काठावर?

थिएटरच्या मोठ्या, विझलेल्या दिव्याखाली त्याची खाट.
नाडी बघायला मी त्याचं मनगट धरलं.
त्याने माझं धरलं.
त्या पांढऱ्या पोशाखात मी बाई की बुवा कळायला मार्ग नव्हता,
पाठीवर मार्करने लिहिलेलं नाव त्याला वाचता येत नव्हतं.
दोन हातमोज्यांवरून अंगठा सरकला,
थांबला,
जरासा मागे आला.
मास्कखालून, एकेका शब्दाला एकेक श्वास:
“ह्यां... कदी... मोडलेलां?”

सातव्या वर्षी. रातांब्यावरून पडून.
एक्स-रेतसुद्धा आता शोधावं लागतं.
कुणी बांधलं होतं आठवत नाही. आईने डोळ्यांवर पदर धरला होता.
आणि तो अंड्याचा वास.

“बरां बसलां,” तो म्हणाला, आणि डोळे मिटले.

चौथ्या दिवशी होडी रिकामी परत गेली.
तेव्हा तसाच नियम होता.

टेक बहादूरचा बांध सातव्या आठवड्यात काढला.
कात्री घेतली नाही. नखांनी गाठी सोडवत बसले,
तास गेला, बाहेरची रांग कुरकुरली,
टेक बहादूर माझ्याकडे बघून संकोचाने हसत राहिला.
अर्ध्या गाठी सुटल्यावर लक्षात आलं,
सगळ्या डावखुऱ्या हाताने घातलेल्या होत्या.