गडग्यापलीकडून

युवक मंडळाच्या वहीत माझ्या अक्षरात आहे :
विषय क्रमांक तीन. खाडीकडचा खुरीस, रंगकाम.
हजर सात. गैरहजर, जे मुंबईत, गोव्यात, बोटीवर, ते सगळे.
खर्च : चुना दीडशे, ब्रश दोन, चणे पाच किलो.
फादर म्हणाले, प्रार्थना मागाहून, आधी शेवाळ खरवडा,
आणि स्कूटर वळवून गेले पुढच्या चॅपेलला.

अकरा वर्षं तिथे लादीन झाली नव्हती.
बस्त्याव लोबोंची पाणंद
आणि मिंगेल फर्नांडिसांचा गडगा,
मध्ये हातभर जमीन.
त्या हातभरात खुरीस,
दोघांच्या आजोबांनी मिळून उभारलेला,
पडाव फुटला आणि सगळे जिवंत परतले त्या साली.
मग मोजणी आली, वकील आला.
मे महिना येत राहिला.
फक्त सुलभा तांडेल, जिचा हा देव नव्हे,
अमावास्येला पणती ठेवून जायची.
कोणी विचारलं तर म्हणायची,
"काळोखात एकटो बरो नाय दिसणा."

जोवेल बस्त्यावचा नातू.
रेनिटा मिंगेलची धाकटी.
चार वर्षं एकाच बाकाच्या दोन टोकांना.
मिस्सेत शांती द्यायची वेळ आली
की त्याचा हात तिच्यापर्यंत
आम्हा पाच जणांच्या हातांतून जायचा,
आणि पोचेपर्यंत थंड व्हायचा.

त्या दुपारी ती चौथऱ्यावर चढली.
बादली धरायला दुसरं कोणी मोकळं नव्हतं.
चुना तिच्या केसांत, त्याच्या भुवईवर.
तासाभराने ती म्हणाली, "वायच वर धर."
त्याने धरली.
हे वहीत नाही.

वहीत हेही नाही
की त्या वर्षी मी प्रार्थना सोडली होती.
नर्सिंगची यादी दोनदा लागली,
दोन्ही वेळा माझ्या नावाशिवाय,
आणि नोव्हेना मी नऊच्या नऊ दिवस केली होती, उपाशीपोटी.
तरी मंडळात यायचे.
रविवारी संध्याकाळी
आमच्या गावात दुसरं जायचं तरी कुठे?

दिवेलागणीला माणसं मोजली, चौदा.
बस्त्याव लांब फणसाखाली, चपला हातात,
आलाय की चाललाय कळेना असा.
नातलीन मावशीने सुरुवात केली, तिचा घसा बसला.
ग्लॅनिश मोबाइलवर बघून वाचू लागला,
मोबाइल विझला.
मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
कारण नऊ दिवसांत मला ते पाठ झालं होतं.

पहाटेच्या ताऱ्या, म्हटलं मी, कोरड्या तोंडाने.
आम्हांसाठी विनंती कर.
आजाऱ्यांच्या आरोग्या.
आम्हांसाठी विनंती कर,
आणि मागोमाग, अर्धा श्वास उशिरा,
गडग्यापलीकडून,
वापरात नसलेल्या कडीसारखा
एक आवाज :
आम्हांसाठी विनंती कर.

रेनिटाने मान वळवली नाही.
मी थांबले. खाडीत कुणीतरी वल्हं ठेवल्याचं ऐकू आलं.
जोवेलने कोपराने ढोसलं, चल ना पुढे.
चालले.
प्रत्येक नावानंतर आम्ही,
आणि आमच्यामागे तो एकटा.
मी घाईने म्हणायचं ठरवून आले होते.
आता हळू म्हणू लागले,
त्याला गाठता यावं म्हणून.
कुणाला विनंती करत होते माहीत नाही.
पण थांबावंसं वाटेना.

मिंगेल बाहेर आला नाही.
बस्त्याव आत गेला नाही.
कोर्टातली तारीख अजून पडते,
पुढची जुलैत आहे.

चणे वाटले, कागदाच्या पुड्यांत, खोबऱ्याच्या कातळ्या वर.
एक पुडी जोवेलने उचलली,
गडग्यावर ठेवली, दगड सारखा करून,
आणि मागे न बघता कढई घासायला गेला.
अंधारातून हात आला. पुडी गेली.
आम्ही सगळे चणे खात असल्याचं सोंग करत होतो.

मग, अकरा वर्षांनी, पलीकडून पहिलं वाक्य :
"चण्यांत मीठ घालूक इसारलास रे पोरांनू?"

फणसाखाली बस्त्यावला ठसका लागला.
हसला की खोकला, त्यावर मंडळात अजून दोन मतं आहेत.

पुढच्या रविवारी मी वहीत लिहिलं :
हजर आठ.
विषय क्रमांक एक. मीठ.