बुधवारचा खेळ, सेलू

बुधवारी दुपारी आवाज बारीक ठेवतात,
दिवे निम्मे चालू.
मी तिसऱ्या रांगेत. ओढणीची झोळी
दोन खुर्च्यांच्या हातांना बांधलेली,
पायानं झोका.

नायिका रडायला लागायच्या आधी
मागं कुणाचं तरी लेकरू रडलं,
मग सगळीच.

खुनी कोण ते कळलं
तेव्हा मी दुपटं बदलत होते.

निघताना दारावरच्या मुनीरचाचांना विचारलं.
म्हणाले, "काय माहीत, माय.
एरवी मी सायकल स्टँडवर.
आत येतो ते बुधवारीच,
अन् तवा खांद्यावर
कुणाचं ना कुणाचं लेकरू.
त्याला पडदा दिसायला पाहिजे ना,
म्हणून माझी पाठ
पडद्याकडं."