ऑइल कूलरची जागा

मे महिना, अमळनेर, दुपारचे तीन.
शेडमधल्या थर्मामीटरकडे बघायचं नाही
असं आमचं ठरलंय.

बंद पडलेल्या जिनिंगच्या या गोदामात
सहा उन्हाळे एक विमान उभं आहे,
पंख भिंतीला टेकवून.
कुठल्या तरी फटीतून अजून सरकीचा वास येतो.
आता सगळं अडलंय एका चौकोनावर:
शाळेच्या पाटीएवढा, जाळीदार.
तेल त्यात तापून येणार, निवून परत जाणार.
त्याला जागा हवी.

खरा कूलर खोक्यातच ठेवला.
त्याच्या मापाचा बिस्किटांचा पुठ्ठा कापला,
दाभणाने टोचून टोचून त्याची जाळी केली,
आणि सुतळीने टांगत फिरले इंजिनभर,
उपवर पोराला स्थळं दाखवावीत तशी.

नाकाशी टांगला.
वारा तिथे ताजा, समोरचा, फुकटचा.
पण नाक आधीच जड.
तोल साधायला शेपटीत शिसं ठेवावं लागेल,
आणि मी काही शिसं फिरवायला
विमान बांधलेलं नाही.

चौथ्या सिलिंडरच्या मागे टांगला.
बहुतेकजण तिथेच लावतात. नळ्या आखूड, काम सोपं.
मी पत्र्यावर बोट दाबून पाहिलं,
पापडासारखा लवला.
इंजिन थरथरत राहिलं की
कोपऱ्यातून चीर जाणार,
आज नाही तर शंभर तासांनी,
खाली तापी असताना.
शिवाय चौथा मुळातच तापट.
त्याच्या तोंडचा वारा काढून
तेलाला कसा भरवू?

उरली फायरवॉल.
इंजिनची आग आणि माझे पाय
यांच्या मधला तो एकच स्टीलचा पत्रा.
भक्कम आहे, तक्रार नाही.
पण तिथवर वारा न्यायचा
तर चार इंची नळी, दोन वळणं,
आणि प्रत्येक वळणावर वारा
थोडा थोडा घरी परततो.

शेवटी उखर्डू मिस्तरीला बोलावलं.
पारोळा रोडवर चाळीस वर्षं
ट्रॅक्टरच्या रेडिएटरला डाग देतोय,
विमानात कधी बसला नाही,
बसायचंही नाही म्हणतो.
सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, म्हणाला,
"वारा घुसी कथाईन ते तू पाह्यं.
निंघी कथाईन?"

मी गप्प.

संध्याकाळी तो बहिणीच्या खळ्यावरून
बाजरी उफणायचा पंखा घेऊन आला.
तुळईच्या सांदीत अडकलेला जुना कापूस ओढला,
बोटांत वळून त्याचे धागे केले
आणि आत, वर, खाली, जिथे हात पोचेल तिथे
चिकटवून दिले.
पंखा लावला नाकासमोर.
वरचे धागे आडवे झाले, शहाण्यासारखे.
खाली, बाहेर पडायच्या तोंडाशी,
एक धागा नुसता लोंबत राहिला.
वारा आत आला होता
आणि पाहुण्यासारखा बसून होता.

आठ दिवस मी भांडत होते
पुढचं दार कुठे ठेवू म्हणून,
आणि घराला मागचं दारच नव्हतं.

खालचं तोंड दोन बोटं रुंद केलं,
त्याचा ओठ खाली वाकवला.
त्यात तीन दिवस गेले, एक पत्रा वाया गेला.
पुन्हा पंखा.
धागा आधी हलला, मग विचार केला त्याने,
मग ताठ झाला.
फायरवॉलवरच्या पुठ्ठ्यामागे मी तळहात धरला.
दोन वळणं घेऊनही वारा होता तिथे,
गरमच, अमळनेरचा,
पण चालता.

पेन्सिलने चार खुणा केल्या.
स्टीलला पाडलेलं भोक बुजवता येतं,
पण ते कुठे होतं
हे पायांना माहीत राहतं.
उखर्डूने मागून बॅटरी धरली.
पाड म्हणाला नाही,
कांद्याच्या भावाचं काहीतरी बोलत राहिला.
ड्रिल फिरलं.
पहिला कीस पावलावर पडला,
चटका बसला, तेव्हा कळलं
मी केव्हाच चपला काढल्या होत्या.