कलम सात

'सर्व्हरवरील अनावश्यक ग्राफिकल घटक
एकतीस तारखेच्या आत काढून टाकावेत.'
आज एकोणतीस.
दांडिया बाजारची शाखा, जिन्याखालची खोली,
ए.सी. अठरावर, माझ्या अंगात शाल.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारतंय,
ती होत नाहीये सुरू.

पडद्यावर सुरसागर.
संध्याकाळचा, जरा तिरपा आलेला,
मधल्या महादेवाचा एक हात
'बॅकअप' नावाच्या हिरव्या चौकोनामागं.
नऊ वर्षं हा तलाव इथं काठोकाठ भरलेला,
मॉनिटर बंद असतानासुद्धा.
ऑडिटरचं म्हणणं तेच:
बघायला कुणी नाही तर खिडक्या कशाला?
प्रत्येक खिडकी म्हणजे चोराला एक कडी.
खोटं नाही म्हणत तो.

आज्ञा लिहिते. एंटर.
चारशे बारा वस्तू जातील, हो की नाही?
यादी वाचायची नसते. वाचते.
घड्याळ. कचऱ्याची टोपली.
पत्त्यांचा डाव, कुणी मांडला देव जाणे.
आवाजाची सगळी सोय,
या यंत्राला जन्मात स्पीकर नव्हता.
नाना लिप्यांचे फाँट.

दारात किरीटभाई, हातात कप-बशी.
दर मंगळवारी येतात, बसत नाहीत,
माऊस धरतात तीन बोटांनी
चिमटीत हळद धरावी तसा,
आणि महादेवाच्या हातावर दोनदा टिचकी.
"बेन, हवे क्लिक क्यां करवानुं?"
"एनी मेळे थई जशे. राते बे वागे."
मान डोलावली त्यांनी.
कप माझ्यापुढं सरकवला,
बशी स्वतःकडं ठेवली.

वाय.

ओळी धावल्या, वाचण्यापेक्षा वेगानं.
मग रीस्टार्ट. पंखे आधी चिडले, मग निवले.
काळं.
डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ,
आहे, नाही, आहे.

खातेदारांची यादी उघडली, सगळं जागेवर ना?
आहे. पैशापर्यंत बरोबर.
नावांच्या जागी मात्र चौकोन.
गुजराती नाव, चौकोन. मराठी नाव, चौकोन.
काना-मात्रेचासुद्धा वेगळा चौकोन.
खाते क्रमांक एकवीसशे सहा:
पाच चौकोन, मोकळी जागा, सात चौकोन.
कुसुम पागेदार.
माझी आई.
वरच्या मजल्यावरच्या संगणकात
ती आत्ताही दोन्ही उकारांसकट दिसेल,
ठाऊक आहे मला.
तरी बोट ठेवून मोजले. पाच आणि सात.

अनुपालन: होय. शेरा: काही नाही.
सही केली.

"पेलो फोटो राख्यो?" किरीटभाई.
पेन ड्राइव्ह लावायचा नाही, कलम अकरा.
फोन आत आणायचा नाही, कलम नऊ.
हे सांगावं म्हणून मी वळले, तर ते बशी पालथी करून
शेवटचा थेंब झटकत होते.
म्हणाले, असू दे, वाटेतच तर आहे;
आणि तसंही स्कूटर काही
सुरू व्हायची नाही आज.