कांद्याच्या सालीपेक्षा फिक्कट

गांधीबागेतल्या दुकानात मी गुलाबी विकते.
राणी, डाळिंबी, गुलबक्षी, अबोली,
कांद्याच्या सालीचा.
गिऱ्हाईक म्हणतं, ताई, याहून फिक्का दाखवा ना,
आणि मी पुढचं ठाण उलगडते.

आज पहाटे पाचला, नळ यायच्या आधी,
मोरीच्या कठड्यावरच्या पट्टीत
एक रेघ ठळक होती
आणि शेजारी दुसरी,
जिला माझ्याकडे नाव नव्हतं.

मागच्या खेपेला फसले होते.
घाई केली, सत्ताविसाव्याच दिवशी.
एकच रेघ. डब्यात टाकली, दुकानात गेले.
रात्री केर भरताना बघते तर दुसरी उमटलेली!
हेमराज कोराडीला नाइट शिफ्टवर,
तिथे फोन करून सांगितलं त्याला.

राखाडी होती ती.
ओल वाळल्यावर जो डाग राहतो, तसली.
रंगातली माणूस मी,
आणि राखाडीला गुलाबी म्हणून बसले.

तिसऱ्या दिवशी रामनवमी.
शोभायात्रेचे ढोल गल्लीपर्यंत येत होते
आणि मी कपाटात पॅड शोधत होते.
गोळीबार चौकातल्या मेडिकलमधली पोरगी नंतर म्हणाली,
पाकिटावरचं वाचत जा वो ताई,
दहा मिनिटांनंतर दिसलं ते धरायचं नसते.

म्हणून या वेळी दिवस टळू दिले,
घड्याळ समोर ठेवलं.
तिसऱ्याच मिनिटाला आली.
कांद्याच्या सालीपेक्षा फिक्कट,
पण गुलाबी.

संध्याकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या, पाचवा आठवडा.
हेमराज बोटांवर मोजायला लागला.
"पाचवा? काहून पाचवा?
तवा तं मी नाइटलेच होतो नं!"
बाई हसल्या. मोजणी मागच्या पाळीच्या
पहिल्या दिवसापासून असते म्हणाल्या,
जीव त्याच्या दोनेक आठवड्यांनी धरतो.

म्हणजे ते ढोल, तो कपाटाचा खण, ते रडणं,
सगळं हिशेबात.
मी वहीत खर्ची टाकलेला दिवस
बाईंनी कार्डावर पहिला म्हणून लिहिला.

मग ती रात्र कोणती?
सगळ्या मोहल्ल्याची लाइट गेली होती ती?
शहराला वीज देणारा माणूस गच्चीवर अंधारात बसलेला,
आणि मी त्याला कूलरच्या पंपावरून बोलत होते.
की त्याच्या दोन दिवस आधीची?
बाई म्हणाल्या, नेमकी रात्र कोणालाच सांगता येत नाही.

सासूबाई मागावर बसायच्या तेव्हा म्हणायच्या,
ताणा लावतो तवा लुगडं कुठं असते?
पण दिवस तिथूनच धरावे लागतात.

परवा रक्त तपासायचं आहे.
तोवर कोणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

रात्री कूलरसाठी बादली उचलली
तर सासूबाईंनी हातातून घेतली,
दोनदा नळापर्यंत गेल्या,
आणि काही विचारलं नाही.