चौदा पौंड

स्विंडनमध्ये संध्याकाळी साडेसातला
दुकानातला पोरगा पिवळी लेबलं घेऊन निघतो.
त्याच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून मी,
जणू मला दुसरंच काही हवंय,
दह्याच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचत उभी.
पाव वीस पेन्स. कडेने सुकलेला पालक, पंधरा.
आम्ही चौघीजणी रोज भेटतो इथे,
एकमेकींची नावं विचारलेली नाहीत.
हिवाळ्यात एकदा लाल कोटवालीने
शेवटचा कोबी माझ्याकडे सरकवला,
आणि न बघता निघून गेली.

घरी कपाटात पाकिटं आहेत,
बिलांसोबत आलेली, उलटी करून पुन्हा चिकटवलेली.
भाडं. मीटर. बस. बूट.
आणि एक जाड, त्यावर नुसतं ‘तिकीट’.
आईला बघायला जायचंय.
ते भरतं दोन-दोन वर्षं
आणि रिकामं होतं एका दुपारी.
मागच्या खेपेला वॉशिंग मशीनने खाल्लं,
त्याआधी गाडीच्या क्लचने.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण पोरांचे पाय अंथरूण बघत नाहीत,
रात्री झोपेत वाढतात.
म्हणून निषादचे बूट एक नंबर मोठे, पुढे कापूस.
दर दोन महिन्यांनी
त्यातला चिमूटभर काढते मी.
कापूस संपला की बूट जुईचे,
की पुन्हा कापूस.

जूनमध्ये त्याचं दप्तर धुवायला काढलं,
तर तळाशी, केळ्याच्या सालीखाली,
शाळेचं पत्र. आठ घड्या.
सहल, वेस्टनचा समुद्र, चौदा पौंड.
जमत असेल तर द्यावेत, असं सौम्यपणे छापलेलं.
शेवटची तारीख, उद्या.

मला नाही जायचं, तो म्हणाला.
का रे?
मला समुद्र आवडत नाही.

नऊ वर्षांचा आहे.
समुद्र त्याने अजून पाहिलेला नाही.
पण आवाज माझा होता, हुबेहूब.
मला चेरी आवडत नाहीत.
मला थंडी वाजत नाही.
मला भूक नाही, तुम्ही संपवा.
इतकी वर्षं मला वाटत होतं,
मी इथे हिशेब करतेय
आणि मुलं तिकडे खेळताहेत.

तिकिटाच्या पाकिटातून चौदा काढले.
आणि वर दोन नाणी, आइस्क्रीमला,
त्याच्या मुठीत. मूठ माझ्या मुठीत दाबून सांगितलं,
खर्च करायचेत.

संध्याकाळी तो बसमधून उतरला,
केस ताठ, नाक लाल.
कसा होता समुद्र?
‘नव्हताच गं तिथे.
बाई म्हणाल्या, तो लांब जातो आणि मग परत येतो.
आम्ही निघालो तेव्हा येत होता.’
म्हणजे चौदा पौंडांचा चिखल.
मी हसले, भर रस्त्यात, मोठ्याने. तोही.
मग त्याने खिशातून हात काढला
आणि दोन्ही नाणी माझ्यापुढे धरली,
दिवसभर धरून कोमट झालेली.
चेहरा असा, जसा पहिला नंबर आलाय.

मी ओरडले त्याच्यावर.
खरंच ओरडले, बाकीच्या आयांसमोर:
का नाही खर्च केलेस? सांगितलं होतं ना?
त्याला कळेना आपलं काय चुकलं.
मलाही धड सांगता येईना.
घरापर्यंत आम्ही जुईला मधे घेऊन चाललो.

रात्री त्याच्या बुटातला कापूस काढला,
ओला, करडा, वाळूने जड.
खिडकीत वाळत घातला.
नवरा कामावर निघताना म्हणाला, नवा घे की.
हो म्हटलं.

दोन नाणी अजून ओट्यावर आहेत.
कुठल्या पाकिटात घालायची,
ठरत नाही.